ठासणीची बंदूक घ्यायची, पण कुठली?

"मामा, यातली कुठली घेऊ?" एवढंच लिहिलेलं आणि खाली तीन बंदुकांचे फोटो. भाचा ओहायोत असतो. मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर तो हरणाच्या शिकारीला नुसता बघ्या म्हणून गेला होता. आता त्याला जानेवारीतल्या मोसमासाठी स्वतःची बंदूक हवी आहे. मी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं हा उद्योग करतो, म्हणून चौकशी माझ्याकडे. तिन्ही फोटो 'इनलाइन मझललोडर'चे होते. फोनवर तासभर त्याच्याशी जे बोललो, ते इथे जरा विस्ताराने लिहितो.

मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने खाली ठासायची. काडतूस हा प्रकारच नाही. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या अशा बंदुका काही घरांत अजून आहेत, त्यामुळे शब्द तरी आपल्याला परका नाही. बाकी विषय मात्र पूर्णपणे अमेरिकेतला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराच्या शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि तेच योग्य आहे. इथलं गणित वेगळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणं इथे पाचेक लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. लांडगे बहुतेक भागांतून गेले. हरणं मक्याच्या शेतात, घरामागच्या बागेत आणि रात्री गाडीच्या दिव्यांसमोर येतात. म्हणून प्रत्येक राज्य दरवर्षी ठरवतं की कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, कुठल्या हत्याराने, किती नर आणि किती माद्या.

'कुठल्या हत्याराने' हे त्यातलं कळीचं. धनुष्यबाणाचा मोसम वेगळा, रायफलींचा वेगळा आणि ठासणीच्या बंदुकीचा वेगळा. ठासणीवाल्यांना वेगळे दिवस देण्यामागचा विचार साधा होता. बार एकच, पल्ला कमी, पावसात दगा देणार. म्हणजे हरणाला वाव जास्त आणि जंगलात गर्दी कमी. पेनसिल्व्हेनियाने असा मोसम 1974 मध्ये सुरू केला, तोही फक्त गारगोटीच्या, म्हणजे फ्लिंटलॉक बंदुकांसाठी. पुढे एकेक करून जवळपास सगळ्या राज्यांत असे मोसम आले. आता दरवर्षी ठरावीक दिवस रान मोकळं मिळणार म्हटल्यावर लोक विचार करू लागले, की नियमात बसेल पण दगा देणार नाही अशी ठासणीची बंदूक कुणी बनवेल का?

मिसुरी राज्यात टोनी नाइट नावाचा एक बंदूक दुरुस्त करणारा कारागीर होता. 1985 मध्ये त्याने 'एमके-85' बाजारात आणली. नळीत बत्ती सरळ रेषेत देण्याची कल्पना त्याची नव्हती, ती बरीच जुनी. पण शिकाऱ्याला परवडेल, खोलून धुता येईल आणि नेहमीच्या रायफलीसारखी खांद्याला लागेल अशी बंदूक लोकांच्या हाती त्याच्यामुळे पडली. म्हणजे जुन्या बंदुकीसाठी मोसम निघाला आणि मग त्या मोसमासाठी नवी बंदूक निघाली. ही गंमत लक्षात ठेवली की पुढचं निम्मं आपोआप कळतं. इनलाइन मझललोडर ही नियमपुस्तकाच्या पोटी जन्मलेली बंदूक आहे, त्यामुळे ती निवडतानाही नियमपुस्तक आधी उघडायचं आणि दुकानाचं दार नंतर.

पण त्याआधी 'इनलाइन' म्हणजे काय ते बघू.

जुन्या बंदुकीत मुख्य दारू नळीच्या बुडाशी असते आणि तिला आग बाहेरून, बाजूने द्यावी लागते. गारगोटीच्या बंदुकीत नळीच्या बाजूला एक छोटी तबकडी असते. तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला आपल्याकडे रंजक म्हणत. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकीत पडते, रंजक भडकते आणि तिची ज्योत नळीला पाडलेल्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आत शिरते. मग बार उडतो. हे सगळं होईपर्यंत नेम धरलेल्याला 'भुस्स' आणि मग 'धाड' असे दोन आवाज वेगवेगळे ऐकू येऊ शकतात. रंजक दमट झाली किंवा कान बुजला की फक्त भुस्स. एकोणिसाव्या शतकात तांब्याची टोपी आली आणि रंजक गेली. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेटतो. 1857 च्या वेळची ती चरबी लावलेल्या काडतुसांची एन्फिल्ड बंदूकही ठासणीची आणि टोपीचीच होती. तिथलं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी. पण टोपीच्या बंदुकीतही आगीला बहुधा वळण घेऊनच नळीत यावं लागतं.

इनलाइनमध्ये ते वळण काढून टाकलं. प्रायमर, म्हणजे त्या टोपीचाच आधुनिक अवतार, नळीच्या बरोबर मागे, दारू आणि गोळीच्या रेषेतच बसतो. बहुतेक बंदुकांत हा प्रायमर '209' नावाचा असतो, छऱ्यांच्या काडतुसाच्या बुडाशी असतो तोच. जुन्या टोपीपेक्षा त्याची ज्योत खूपच जोरकस. शिवाय तो बंद खोबणीत बसतो, त्यामुळे पाऊस आत शिरायला फारशी वाट राहत नाही. चाप ओढणं आणि बार उडणं यात माणसाला जाणवेल इतकं अंतर उरत नाही. एवढाच फरक, पण शिकारीच्या दिवशी हाच फरक सगळं काही असतो.

आधी राज्य कुठलं ते सांग

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या मोसमात आणि कुठल्या राज्यात?" तो म्हणाला, "मामा, बंदूक तर बंदूकच ना!" इथेच लोकांचे पैसे बुडतात.

ओहायोत इनलाइन चालते, दुर्बीण चालते, 209 प्रायमर चालतो. म्हणजे त्याच्या फोटोंतली कुठलीही बंदूक तिथे कायद्यात बसेल. माझ्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये माद्यांसाठी आठवडाभराचा जो मोसम असतो, त्यात इनलाइन आणि दुर्बीण दोन्ही चालतात. पण नाताळनंतर जो मोसम सुरू होतो तो फक्त गारगोटीचा, दुर्बिणीशिवाय. तीच बंदूक घेऊन तोच माणूस तेव्हा रानात उतरला तर दंडाला पात्र. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीची अनेकांना स्वप्नं पडतात. तिथल्या ठासणीच्या मोसमात इनलाइन चालते, पण दुर्बीण नाही, गोळीभोवती प्लॅस्टिकची वाटी नाही आणि दारूच्या वड्याही नाहीत, फक्त सुटी दारू (वाटी आणि वड्या काय ते पुढे येईलच). हरणाला किमान .40 इंच आणि एल्कला किमान .50 इंच व्यासाची नळी लागते. आयडाहो त्याहून कडक: खास ठासणीच्या मोसमात 209 प्रायमरच चालत नाही, घोडा आणि टोपी बाहेर उघड्यावर असावी लागते. म्हणजे आजच्या बहुतेक इनलाइन तिथे बाद. युटाने 2016 मध्ये मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणींना परवानगी दिली आणि 2024 मध्ये ती काढून घेतली. तेवढ्या वर्षांत ज्यांनी महागड्या दुर्बिणी बसवल्या असतील त्यांचं काय झालं असेल ते आपण समजू शकतो.

नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचंच पुस्तक बघायचं. सगळ्या राज्यांची पुस्तकं फुकट मिळतात. वाचायला रुक्ष असतात, पण दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा भरवशाची.

ओहायो, आयोवा, इलिनॉय या सपाट राज्यांत ठासणीच्या बंदुकीला आणखी एक मान आहे. लांब पल्ल्याची रायफल तिथे हरणासाठी चालत नसे, कारण सपाट रानात चुकलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. मग छऱ्यांच्या बंदुकीतून सोडलेली एकच मोठी गोळी किंवा ठासणीची बंदूक, हेच मुख्य पर्याय. ओहायोने 2014 पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांच्या काही रायफली चालवून घ्यायला सुरुवात केली, तरी ठासणीवाल्यांची सवय गेलेली नाही.

किती लांबून मारणार?

माझा दुसरा प्रश्न हा. जाहिरातींत 300 यार्ड, 400 यार्ड असे आकडे असतात. एक यार्ड म्हणजे साधारण 91 सेंटिमीटर. ओहायोच्या झाडीत मचाणावर बसलेल्या माणसाला हरीण दिसतं ते 40 ते 100 यार्डांवर. 150 च्या पुढे जायचं कारणच सहसा येत नाही, आणि येऊही देऊ नये. साधारण 100 यार्डांवर नेम जुळवलेल्या बंदुकीची गोळी 200 यार्डांवर फूटभर किंवा त्याहून खाली गेलेली असते. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा आहे जेवणाच्या ताटाएवढी. फूटभर चूक म्हणजे मोडलेला पाय आणि रात्रभर तडफडणारं जनावर. ज्याला हे चालतं त्याने हा छंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून .50 व्यासाची नळी घ्यावी, म्हणजे 12.7 मिलिमीटर. .45 ची गोळी जास्त सपाट जाते, .54 ची जास्त जड बसते, पण कुठल्याही गावातल्या दुकानात गोळ्या मिळतात त्या .50 च्या. मोसमाच्या आदल्या संध्याकाळी गोळ्या संपल्याचं लक्षात येणाऱ्याला या गोष्टीची किंमत कळते.

दुसरं बघायचं ते नळीच्या आतले पीळ. आतल्या पन्हळी गोळीला फिरवतात, त्यामुळे ती भोवऱ्यासारखी स्थिर जाते. 28 इंचांत एक फेरा, म्हणजे 1:28, हा पीळ लांबट गोळ्यांसाठी असतो आणि बहुतेक इनलाइनमध्ये तोच. जुन्या पद्धतीच्या गोल शिशाच्या गोळीला 1:66 सारखा संथ पीळ हवा. 1:48 हा मधला, दोघांनाही जेमतेम चालणारा. नव्या इनलाइनमध्ये गोल गोळी घालून 'नेम लागत नाही' म्हणणारे भेटतात. त्यात बंदुकीचा दोष नाही.

लांबट गोळी बहुधा नळीपेक्षा थोडी बारीक असते आणि 'सॅबो' नावाच्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसते. वाटी पीळ पकडते, बाहेर पडल्यावर गळून जाते आणि गोळी पुढे जाते. 250 ग्रेनची, म्हणजे सुमारे 16 ग्रॅमची गोळी हरणाला पुरून उरते. सॅबो काही नळ्यांत इतका घट्ट जातो की गज दाबताना घाम फुटतो, काहींत सुळकन जातो. हे बंदुकीगणिक बदलतं, म्हणून दोन-तीन प्रकारची पाकिटं आणून पाहावीत. शक्य असेल तर शिशाऐवजी तांब्याची गोळी घ्यावी. शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि टाकलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांच्या, गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं महाग, पण मोसमात खऱ्या कामासाठी झाडायच्या गोळ्या असतात किती? दोन, फार तर तीन.

दारूचा हिशेब

इथे मात्र जरा थांबून समजून घेतलं पाहिजे, कारण या छंदातल्या जिवावरच्या चुका इथेच होतात.

खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण 75, 15 आणि 10 असं प्रमाण. ती सहज पेटते, खूप धूर करते आणि नळीत जे काही मागे ठेवते ते हवेतला ओलावा ओढून लोखंड खातं. तिची साठवण आणि विक्री यांवर कडक नियम असल्याने बऱ्याच दुकानांत ती मिळतही नाही. म्हणून तिच्या जागी चालणाऱ्या दारू आल्या. 'पायरोडेक्स' ही त्यातली जुनी. स्वस्त, पण गंजवते तीही. 'ट्रिपल सेव्हन'मध्ये गंधक नाही, पाण्याने धुतली जाते; पण ती जास्त जोराची, आणि गोळी बसते त्या जागी नळीत काजळीचं कडं धरते. दुसरी गोळी त्या कड्यावर अडते. 'ब्लॅकहॉर्न 209' सगळ्यात स्वच्छ. ती ओलावा फारसा धरत नाही, चार-पाच बार लागोपाठ काढले तरी नळी अडत नाही. पण ती महाग आहे आणि पेटायला हट्टी. तिला जोरदार 209 प्रायमर आणि तिच्याच मापाचं नळीच्या बुडाचं बूच लागतं. तुम्हाला ही दारू वापरायची असेल तर बंदूक घेतानाच विचारा, की याचं बूच ब्लॅकहॉर्नला चालतं का.

आता माप. ठासणीची दारू वजनाने नाही, आकारमानाने मोजतात. '100 ग्रेन' म्हणजे 100 ग्रेन खऱ्या काळ्या दारूला, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमला, जेवढी जागा लागते तेवढी जागा भरून दारू. त्यासाठी खुणा केलेलं नळीसारखं मापटं मिळतं. स्वयंपाकात वाटीभर पोहे आणि वाटीभर साखर यांचं वजन सारखं नसतं, तसंच हे. मापट्याने 100 ग्रेन ब्लॅकहॉर्न भरली तर तिचं खरं वजन साधारण 70 ग्रेन भरतं. कुणी हुशारी करून तराजूवर 100 ग्रेन ब्लॅकहॉर्न तोलली, तर त्याने मापट्याच्या 140 ग्रेनपेक्षा जास्त दारू नळीत घातली, आणि त्या दारूची सांगितलेली कमाल मर्यादा मापट्याने 120 आहे.

हा कटकटीचा भाग नको म्हणून वड्या निघाल्या. नेहमीची एक वडी 50 ग्रेनची. दोन टाकल्या की 100. पायरोडेक्सच्या वडीचं एक टोक काळं असतं, तिथे लवकर पेटणारा थर लावलेला असतो. ते टोक प्रायमरकडे हवं. जाहिरातीत तीन वड्यांचा, 150 ग्रेनचा बार दाखवतात. खांद्याला बसणारा दणका तीन वड्यांचा असतो, फायदा मात्र दोनाहून जरासाच जास्त, आणि दणक्याला घाबरून चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते ती वेगळी. 80 ते 100 ग्रेन सुटी दारू मापट्याने मोजून घालणारा माणूस त्याच बंदुकीतून सहसा चांगला नेम साधतो. अर्थात नळीवर आणि पुस्तिकेत जी कमाल मर्यादा लिहिली आहे तिच्या आतच.

आणि एक गोष्ट मी भाच्याकडून फोनवर दोनदा वदवून घेतली. आधुनिक काडतुसांत असते ती बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही. चमचाभरसुद्धा नाही. तिचा दाब इतका असतो की नळी फुटून हातात, तोंडावर येते. खास बिनधुराच्या दारूसाठी बनवलेल्या मोजक्या बंदुका आहेत, सॅव्हेजची '10 एमएल' त्यांतली नावाजलेली. पण तुमच्या बंदुकीच्या नळीवर तसं लिहिलेलं नसेल तर विषय संपला. ब्लॅकहॉर्नचे दाणे दिसायला बिनधुराच्या दारूसारखेच असतात, त्यामुळे डबे वेगळ्या कपाटात ठेवायचे आणि दारू मूळ डब्यातून दुसऱ्यात कधी काढायची नाही.

बुडाचं बूच

दुकानात माणूस दस्त्याचा रंग बघतो, दुर्बीण बघतो. मी सांगतो, बूच बघ.

इनलाइनची नळी मागून एका आट्यांच्या बुचाने बंद केलेली असते. प्रायमरची ज्योत याच बुचातल्या भोकातून जाते. साफसफाईला हे बूच काढलं की नळी आरपार दिसते आणि पाइप धुवावा तशी धुता येते. गारगोटीच्या बंदुकीत ही सोय नाही, म्हणून तिथे धुणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. काही कंपन्यांची बुचं आता नुसत्या बोटांनी फिरवून निघतात. सीव्हीएच्या ऑप्टिमा आणि अ‍ॅक्युरा, ट्रॅडिशन्सच्या काही बंदुका अशा आहेत.

पहिल्या वर्षी मी एक जुनी इनलाइन घेतली होती, पान्याने बूच काढायची. मोसम संपला, थंडी होती, आळस केला. नळी पुढून पुसली आणि बंदूक कपाटात ठेवली. मार्चमध्ये बूच हलेना. तेल घातलं, गरम पाणी घातलं, पान्याचे दात झिजले. शेवटी शेजारी राहणाऱ्या निवृत्त यंत्र-कारागीर आजोबांकडे गेलो. त्यांनी दोन दिवस काहीतरी भिजवून ठेवलं आणि वेगळा पाना बनवून ते काढलं. आट्या गेल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "ग्रीस लावलं होतंस?" लावलं नव्हतं. न जाम होणारं ग्रीस आट्यांना लावून बूच बसवायचं आणि बार काढला त्याच रात्री धुवायचं, एवढ्यावर ती बंदूक वाचली असती.

नळी उघडण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. टोनी नाइटची पहिली मागे ओढायच्या दट्ट्याची होती, नंतर बोल्टच्या आल्या, खटका खाली पाडायच्या आल्या. सध्या बाजारात जास्त दिसते ती मधून मोडणारी, छऱ्यांच्या दुनळीसारखी. मोडली की प्रायमरची जागा समोर येते. हातमोजे घालून, उणे पाच अंशांत, प्रायमर घालता आला पाहिजे. दुकानात हे खरंच करून बघा: जाड हातमोजा घाला आणि प्रायमर घालायची, काढायची नक्कल करा. नळी बाहेरून गंजरोधक, म्हणजे स्टेनलेस किंवा नायट्राइड केलेली असावी. साध्या निळ्या पॉलिशची स्वस्त पडते पण जास्त सेवा मागते. मचाणावर चढायचं असेल तर 24 ते 26 इंचांची नळी पुरे, 30 इंचांची फांद्यांत अडकते.

किमतींचं म्हणाल तर सुरुवातीची, सीव्हीए वुल्फसारखी, सुमारे 250 ते 350 डॉलरपर्यंत मिळते, मधली 400 ते 600 च्या आसपास, आणि लांब पल्ल्याच्या हौसेची हजाराच्या पुढे. भाच्याच्या तीन फोटोंतली सगळ्यात महाग ती हजाराच्या पुढची होती. मी त्याला मधली घ्यायला सांगितली आणि वाचलेल्या पैशांत दारू, गोळ्या आणि चार शनिवार चांदमारी. 100 यार्डांवर तिन्ही बंदुका त्याच्यापेक्षा चांगला नेम धरणार आहेत.

कागदपत्रांचं थोडं

संघीय कायद्यानुसार काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस घेऊच न शकणारी ठासणीची बंदूक 'पुरातन' प्रकारात मोडते, नवी कोरी असली तरी. त्यामुळे बहुतेक राज्यांत ती पार्श्वभूमी तपासणीशिवाय, घरपोचसुद्धा मिळते. पण याला दोन पाचरी आहेत. थॉम्पसन/सेंटर एन्कोरसारख्या ज्या बंदुकीची नळी बदलून काडतुसाची नळी बसवता येते, ती पुरातन नाही, पूर्ण बंदूक आहे. आणि इलिनॉय, न्यू जर्सीसारख्या राज्यांचे स्वतःचे नियम कडक आहेत.

आपल्या मंडळींनी एक जास्तीचं बघावं. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायदा एरवी बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ठासणीची बंदूक 'पुरातन' असल्याने त्या मनाईबाहेर असते, पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो आणि चूक झाली तर व्हिसा पणाला लागतो. तेव्हा व्हिसावर असाल तर दुकानात जायच्या आधी वकिलाला विचारा. शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम तर नवख्याला बहुतेक वेळा करावाच लागतो.

त्या दिवशी

सकाळी दारू घालण्याआधी एक-दोन प्रायमर नुसते उडवायचे, बुचाच्या भोकातलं तेल आणि ओल जळून जाते. मग दारू, मग गोळी, आणि गोळी दारूला पूर्ण टेकेपर्यंत गज दाबायचा. गोळी मध्येच राहिली आणि मागे पोकळी उरली तर नळी फुगू शकते, फाटू शकते. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून घरी एकदा बरोबर ठासून झालं की गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे त्याच्यावर खूण करायची. पुढे प्रत्येक वेळी खूण तोंडाला टेकली म्हणजे गोळी जागेवर आहे. खूण वर राहिली तर गोळी अडली आहे, किंवा आत आधीच एक बार भरलेला असून तुम्ही विसरून दुसरा भरला आहे. प्रायमर सगळ्यात शेवटी, मचाणावर बसल्यावर.

भरलेली बंदूक थंडीतून गरम घरात आणली की दारूवर दव धरतं. बहुतेक राज्यांत प्रायमर काढला की बंदूक रिकामी मानतात, पण घरात आणण्याच्या बाबतीत मी तेवढ्यावर विसंबत नाही. संध्याकाळी बार मोकळ्या मातीच्या बांधात काढून टाकतो आणि रात्री धुतो.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर बंदूक तशीच सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबायचं. कधीकधी दारू उशिरा पेटते.

आणि पेटलीच, तर समोर पांढऱ्या धुराची भिंत. नवख्याला याचं आश्चर्य वाटतं. हरीण पडलं की पळालं, दिसतच नाही. म्हणून बार काढण्याआधीच जनावर कुठल्या झाडाजवळ उभं आहे ते मनात पक्कं करायचं. आवाज ऐकायचा. लगेच खाली उतरायचं नाही. आहे त्या जागी दुसरा बार भरायचा आणि अर्धा तास बसून राहायचं. घायाळ हरणाला पाठलागाची चाहूल लागली नाही तर ते बहुधा जवळच बसतं. लागली तर मैलभर जातं. अर्ध्या तासाने त्या झाडापाशी जाऊन रक्ताचा माग काढायचा.

परवा भाच्याचा आणखी एक फोटो आला. यात बंदूक नव्हतीच. नुसता गज, आणि त्याच्यावर लाल चिकटपट्टीची एक बारीक खूण. खाली लिहिलं होतं, "मामा, पट्टी सुटेल का रे? की करवतीने चरा पाडू?" चरा पाडू नकोस म्हटलं, गज तिथून मोडेल, पक्क्या शाईचं पेन घे.